पगारवाढ झाली आणि हातात चाळीस रुपये कमी आले

या वेळी पगारातल्या कटिंगवरचीच तीन पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यातला घोळ बेळगावातल्या बऱ्याच कामगारांच्या स्लिपवर दिसतो.

प्रश्न : नमस्कार सर. मी उद्यमबागमध्ये एका मशीन शॉपला सीएनसी ऑपरेटर आहे, दहा वर्षं झाली. यंदा मालकांनी सगळ्यांना हजार हजार वाढवले, २४,००० चे २५,००० झाले, घरी सांगून झालं, मित्रांना चहा पाजून झाला, आणि खात्यावर बघतोय तर २२,४०० जमा. आधी २२,४४० यायचे. म्हणजे वाढ होऊन चाळीस रुपये कमी! ऑफिसात विचारलं तर पीएफ जास्त कापालेत म्हणून सांगितलं. कोण म्हणतंय नवीन कायदा आलाय, कोण म्हणतंय मालकाने आपलेच पैसे काढून आपल्याला वाढ दिली. पोराची फी आणि घराचा हप्ता त्या हजारावर धरला होता. पीएफ कमी करून घेता येतो का? दोन्ही महिन्यांच्या स्लिपा पाठवल्यात, त्यातला स्पेशल अलाउन्स आम्हाला सगळ्यांनाच मिळायचा.
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : दादा, स्लिपा पाठवल्यात हे बरं केलं, नाहीतर बरेच जण नुसतं कमी आले म्हणून लिहितात आणि मग अंदाजाने बोलावं लागतं.

पहिल्यांदा एक गोष्ट. नुसत्या टक्केवारीमुळे हातातला पगार कमी होऊच शकत नाही. पीएफ तुमच्या बेसिक अधिक डीएच्या (महागाई भत्त्याच्या) १२ टक्के. बेसिक १०० रुपयांनी वाढलं तर १२ जाणार, ८८ हातात येणारच. तरी पण आकडा खाली गेला असेल तर दुसरं काहीतरी हललंय असं समजायचं, एकतर पगाराची आतली वाटणी बदलली असणार, नाहीतर कुठलीतरी मर्यादा ओलांडली असणार. तुमच्या बाबतीत दोन्ही झालंय बघा.

जुनी स्लिप : बेसिक-डीए १३,०००, घरभाडं ४,०००, स्पेशल अलाउन्स ६,०००, कन्व्हेयन्स १,०००. पीएफ १३,००० वर, म्हणजे १,५६०. बाकी काही कटिंग नाही. नवी स्लिप : बेसिक-डीए २०,०००, घरभाडं ४,०००, कन्व्हेयन्स १,०००, आणि स्पेशल अलाउन्सची ओळच गायब. ते ६,००० बेसिकमध्ये मिसळले आणि वाढीचे १,००० पण तिथंच टाकले. त्यामुळे पीएफ २०,००० वर लागला, २,४०० झाला. वाढ हजाराची, पण पीएफचा आधार सात हजाराने वाढला, ८४० रुपये तिथं गेले. राहिलेल्या १६० मधून प्रोफेशनल टॅक्सचे (राज्य सरकारचा पगारावरचा कर) २०० गेले. झाले चाळीस वजा.

हा प्रोफेशनल टॅक्स आधी तुम्हाला नव्हता. कर्नाटकात एप्रिल २०२३ पासून महिन्याचा पगार २५,००० किंवा त्याच्या वर असेल तरच तो लागतो, २४,९९९ ला लागत नाही. तुमचा बरोबर २५,००० केलाय! मालकांनी कन्व्हेयन्समध्ये एक रुपया कमी दिला असता तर महिन्याला १९९ रुपये तुमच्या हातात जास्त राहिले असते, हे त्यांच्या अकाउंटंटच्या लक्षात आलं नसणार, बोलून बघा, यात कुणाचं नुकसान नाही. आणि हो, एप्रिल २०२५ पासून फेब्रुवारीच्या पगारातून २०० ऐवजी ३०० जातात, तेव्हा परत घाबरून पत्र लिहू नका.

आता मालकाने आपलेच पैसे काढून दिले का. तसं दिसत नाही मला. मालकाचा वाटा पण १२ टक्के असतो आणि तो त्याने वरून भरायचा असतो, तुमच्या पगारातून कापायचा नाही, कायद्यात तशी मनाईच आहे. (पुण्या-बेंगळुरात पोरं सीटीसीवर, म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चाच्या आकड्यावर लागतात तिथं मालकाचा वाटा पॅकेजच्या आकड्यातच मोजलेला असतो, त्यांचं गणित वेगळं.) तुमच्या दोन्ही स्लिपांवर मालकाचा वाटा खाली वेगळा दाखवलाय, आधी १,५६०, आता २,४००. म्हणजे मालकाच्या खिशातून तुमच्यासाठी हजार नव्हे, १,८४० रुपये जादा निघालेत. त्यातले १,६८० तुमच्या पीएफ-पेन्शनकडे गेले, २०० सरकारला गेले, आणि चाळीस तुमच्याकडून घेतले. चिडायचं असेल तर त्या दोनशेवर चिडा.

बरं, त्यांनी हे केलं का? २८ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की जो भत्ता सगळ्यांना सरसकट दर महिन्याला मिळतो तो पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा, नुसतं नाव स्पेशल अलाउन्स ठेवून त्याला बाहेर काढता येत नाही. तुमच्याकडे सगळ्यांनाच तो मिळत होता असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे खरं तर आधी कापत होते तेच कमी होतं. आणि तो नवीन कायदा म्हणजे चार लेबर कोड, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत. त्यातही भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच मोजायचा असं आहे, म्हणून आता सगळीकडे स्लिपा नव्याने मांडायचं काम चालू आहे आणि असे प्रश्न अजून येणार.

पीएफ कमी करून घेता येतो का, या मुख्य प्रश्नावर येतो. कायद्याने सक्ती आहे ती १५,००० पर्यंतच्या वेतनावर, ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून आहे, त्याआधी ६,५०० होती. म्हणजे बेसिक २०,००० असलं तरी १५,००० चे १२ टक्के, १,८०० भरले तर चालतं, बऱ्याच कंपन्या तेवढंच भरतात. तुमच्या मालकांनी पूर्ण २०,००० वर भरायला घेतलंय. १,८०० वर आणलं तर तुम्हाला हातात ६०० जास्त मिळतील, २३,००० होतील. पण मालक पण त्याचे ६०० थांबवणार, आणि ते काय तुमच्या पगारात येत नाहीत, ते त्यालाच वाचले. म्हणजे ६०० हातात घेण्यासाठी खात्यात जाणारे १,२०० सोडायचे. माझं मत विचाराल तर नको. पीएफवर २०२४-२५ ला ८.२५ टक्के व्याज होतं, पतसंस्थेत याच्यापेक्षा जास्त देतो म्हणून सांगणारे भेटतील, त्यांचं काय होतं ते आपल्या भागात लोकांनी बघितलंय. शिवाय एकदा जास्तीच्या वेतनावर भरायला सुरू करून मग खाली आणणं म्हणजे कागदपत्रांची कटकट. फीचा खड्डा फारच मोठा असेल तर महिना-दोन महिने ओव्हरटाइम बघा, ओव्हरटाइमवर पीएफ कापत नाहीत.

पेन्शनचं मात्र नीट समजून घ्या, इथं लोकांचा मोठा गैरसमज असतो. पीएफ वाढला म्हणजे पेन्शन त्याच प्रमाणात वाढली असं नाही. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण ते पण १५,००० वरच मोजतात, म्हणजे जास्तीत जास्त १,२५०. तुमचे आधी १३,००० वर १,०८३ जायचे, आता १,२५० जातात, आणि मालकाच्या वाट्यातले उरलेले १,१५० तुमच्या पीएफ खात्यात. तुमचे स्वतःचे २,४०० सगळेच्या सगळे पीएफला, त्यातला एक रुपया पेन्शनमध्ये जात नाही. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो आणि त्याच्यावर व्याज दिसत नाही, ते चोरीला गेलेलं नाही, ती रक्कम एका सामायिक फंडात जाते आणि पेन्शन ठरते सूत्रावर : शेवटच्या ६० महिन्यांचं सरासरी वेतन (१५,००० च्या वर धरत नाहीत) गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. समजा ५८ व्या वर्षी तुमची ३० वर्षं भरली, २० च्या वर सर्व्हिस असली की २ वर्षं जादा धरतात, म्हणजे ३२. बेसिक १३,००० वरच राहिलं असतं तर महिना ५,९४३ च्या आसपास, आणि १५,००० धरून ६,८५७. नऊशेचा फरक पडतो. पण १५,००० च्या पुढे बेसिक २०,००० असो की ५०,०००, आजच्या नियमाने पेन्शन तेवढीच. पुढचे सगळे पैसे रिटायर होताना एकरकमी मिळणार.

आणि एक कुणी सांगत नाही ते. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक-डीएवर मिळते, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, २६ ने भागून. १३,००० वर वर्षाला ७,५०० बसायचे, २०,००० वर ११,५३८ बसतात, आणि हे पुढच्या वर्षांनाच नाही, मागच्या दहा वर्षांना पण हाच नवा दर. म्हणजे कालपर्यंत ७५,००० असलेली तुमची ग्रॅच्युइटी एका स्लिपमध्ये १,१५,००० च्या वर गेली. याचा हप्ता तुम्ही काही भरत नाही, मालकाचं ओझं आहे हे सगळं, म्हणून म्हणतो तुमचा मालक तसा वाईट नाही.

फक्त कापलेले पैसे भरले जातात का ते बघत जा. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसतं. आपल्याकडे अजून एक लचांड म्हणजे नावाचं स्पेलिंग. शाळेचा दाखला मराठीतला, आधार कन्नड-इंग्रजीतलं, आडनावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतंय आणि ते क्लेमच्या वेळी अडतं. यूएएनवरचं (तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरवरचं) नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते आत्ताच बघून घ्या, आणि नॉमिनीत बायकोचं नाव टाकलंय का ते पण.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहे, २०१० ची नेमणूक. डीए वाढला, मागच्या महिन्यात त्याचा फरक पण जमा झाला म्हणून आनंद झाला, पण या महिन्यात एनपीएसची (नव्या पेन्शन योजनेची) कपात वाढलेली आणि हातात मागच्या महिन्यापेक्षा कमी. माझ्याच शाळेतल्या बाई २००५ ला लागल्यात, त्यांना हे काहीच नाही. असं कसं?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, त्या बाई जुन्या पेन्शनमध्ये आहेत. कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना एनपीएस, त्याच्या आधीच्यांना जुनी. त्यांचं तुमचं नेट जुळवायला गेलात तर उगाच मनस्ताप, तेवढा फरक राहणारच, आणि जुनी पेन्शन परत मिळेल का हे सरकार आणि संघटना बघतील, मी त्यावर भविष्य सांगत नाही.

एनपीएस बेसिक अधिक डीएच्या १० टक्के, घरभाडं त्यात धरत नाहीत. डीए वाढला की कपात वाढणारच पण वाढीच्या दहावा हिस्साच. समजा तुमचं बेसिक-डीए मिळून ६०,००० असेल तर ६,००० तुमचे आणि सरकार १४ टक्क्यांनी ८,४०० घालतं. मग कमी का आलं? तुम्ही लिहिलंय की मागच्या महिन्यात डीएचा फरक जमा झाला होता. तेच आहे ते. फरकाच्या महिन्याशी साध्या महिन्याची तुलना केली तर कमीच दिसणार, त्याच्या आधीच्या महिन्याची एचआरएमएसची (सरकारी पगाराच्या पोर्टलवरची) स्लिप काढून बघा. तरी पण कमी वाटलं तर केजीआयडीचा (कर्नाटक सरकारच्या कर्मचारी विम्याचा) हप्ता वाढलाय का बघा, वेतनश्रेणी बदलली की तो वाढवावा लागतो आणि तो पीएफसारखाच न विचारता कापला जातो. नव्या टॅक्स पद्धतीत तुमच्या १० टक्क्यांवर सूट नाही, सरकारच्या १४ वर आहे, पण तुमच्या उत्पन्नाला तसाही टॅक्स बसत नसावा, कारण १२ लाखांपर्यंत नाहीच.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको हिंडलग्याला राहतो, दोघं शिनोळीला कामाला. माझा पगार जूनमध्ये २०,५०० चा २१,८०० झाला. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) २१,००० पर्यंतच असतंय म्हणे, तरी माझं कापालेत. आणि नवऱ्याला १८,००० ला प्रोफेशनल टॅक्स लागतो, मला नाही, आमच्या गल्लीत उद्यमबागला जाणाऱ्यांना पण नाही. चूक झाली आहे का?
— एक वाचक

उत्तर : चूक नाही ताई. प्रोफेशनल टॅक्स काम करता त्या राज्याचा, राहता त्या राज्याचा नाही. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र, तिथं पुरुषांना ७,५०० च्या वर लागतो आणि बायकांना २५,००० पर्यंत माफ. नवऱ्याला चिडवायला एक विषय मिळाला. पीएफ आणि ईएसआय केंद्राचे, ते हद्द ओलांडली म्हणून बदलत नाहीत.

ईएसआय एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहा-सहा महिन्यांनी चालतं. मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो काळ संपेपर्यंत कापतात, आणि ते पण नव्या पगारावर, म्हणजे तुमचे ०.७५ टक्क्यांनी १६४ रुपये. ऑक्टोबरपासून बंद होईल. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचे आजारपणाचे पैसे पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळायचा हक्क असतो, त्यामुळे कार्ड लगेच कपाटात टाकू नका. जूननंतर मात्र दवाखान्याची सोय स्वतःची करावी लागेल, तेव्हा ते वाचणारे १६४ आत्ताच खर्चात धरू नका, घरात कुणाचं औषधपाणी कायमचं चालू असेल तर मेडिक्लेमचा हप्ता ऑक्टोबरच्या आधी विचारून ठेवा.