एक्स्टर्नल हार्ड डिस्क फॉरमॅट होत नाही, 'विंडोज वॉज अनेबल टू कम्प्लीट द फॉरमॅट' असा मेसेज येतो. काय करू?

आधी एक सांगा, डिस्कमध्ये घरचे फोटो किंवा कामाच्या फाइली आहेत का? असतील तर इथेच थांबा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याला गाठा. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो, त्यानंतर फाइली परत मिळत नाहीत.

डेटा नको असेल तर पहिल्यांदा केबल आणि पोर्ट बदलून बघा. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला थेट लावा, हब नको. हे किरकोळ वाटतं, पण कितीतरी वेळा दोष केबलचाच निघतो.

तरी जमलं नाही, तर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून 'करंट पेंडिंग सेक्टर' (डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागा) ही ओळ पाहा. तिथला आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल तर डिस्क मरायला टेकली आहे. ती कशीबशी फॉरमॅट झाली तरी तिच्यावर काही ठेवू नका, कळकळीने सांगतोय.

आकडा शून्य असेल तर बहुधा पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, बिघडलंय. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा, डिस्कपार्ट (विंडोजचंच डिस्क हाताळणारं टूल) चालवा, 'लिस्ट डिस्क' द्या. आकारावरून आपली डिस्क ओळखा आणि दोनदा खात्री करा, कारण चुकीचा नंबर निवडलात तर भलतीच डिस्क साफ होईल. मग 'सिलेक्ट डिस्क' आणि तो नंबर, त्यानंतर 'क्लीन'. पुढे डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी (पार्टिशन टेबलचा नवा प्रकार) निवडून नवं व्हॉल्यूम करा. एमबीआर (जुना प्रकार) घेतलंत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही.