टायर चढला म्हणजे बसला असं नाही

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे जुनी फोर-बाय-फोर आहे. तिला कंपनीचे २३५/७५ आर १५ टायर आणि ७ इंची लोखंडी रिम आहेत. सस्पेन्शन २ इंच उचलून घेतलंय. आता ३३ × १२.५० आर १५ टायर घ्यायचे मनात आहे, रिम मात्र त्याच ठेवायच्या आहेत. टायरवाला म्हणतो, "बिनधास्त आणा, चढवून देतो." मित्र म्हणतो, मडगार्डला घासत नसेल तर कायद्याचं काही अडत नाही. खरं काय?

उत्तर : टायरवाला खोटं बोलत नाहीये. तो चढवून देईल. मी स्वतः १८ वर्षं टायर चढवले-उतरवले, नंतर गाड्या तपासण्याचं काम केलं. मशीनवर पकड चांगली असेल आणि बीडला (टायरची रिमवर बसणारी तारेची कडा) साबणाचं पाणी भरपूर असेल तर नको ते टायर नको त्या रिमवर चढतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मडगार्डपाशी नाही, रिमच्या रुंदीपाशी आहे. आणि ती रुंदी पत्रात लिहिणारे तुम्ही यंदाचे पहिलेच, म्हणून आधी शाबासकी.

रुंदी मोजली कशी, ते मात्र लिहिलं नाहीत. रिमची रुंदी बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजत नाहीत. टायरची बीड जिथे टेकते त्या दोन जागांमधलं, म्हणजे कडांच्या आतलं अंतर धरतात. बाहेरून टेप लावली की साधारण इंचभर जास्त भरतं, आणि ७ इंची रिम ८ इंची म्हणून विकली जाते. चाक काढा, आतली बाजू घासून स्वच्छ करा. तिथे "७ जे × १५" असं काहीतरी ठोकलेलं सापडेल. शेजारी "ईटी" (रिमचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर, मिमीत) आणि एक आकडा असेल तर तोही लिहून घ्या, पुढे लागणार आहे.

प्रत्येक टायरला किती ते किती रुंदीची रिम चालते, हे टायर बनवणारा ठरवून देतो. हे तक्ते जगभर जवळपास सारखेच आहेत. तुमच्या २३५/७५ आर १५ ला ६ ते ८ इंच. ३१ × १०.५० आर १५ ला ७ ते ९. तुम्हाला हवा असलेल्या ३३ × १२.५० आर १५ ला, म्हणजे ३३ इंच व्यास, १२.५० इंच रुंदी आणि १५ इंची रिमच्या टायरला, ८.५ ते ११ इंच. तुमची रिम ७ ची. दीड इंच कमी. विषय इथेच संपतो. मडगार्ड कापा, सस्पेन्शन आणखी ४ इंच उचला, काही फरक पडत नाही.

दीड इंचाने असं काय बिघडतं? ऐन उमेदीत एका दोस्तासाठी मी नेमकं हेच केलं होतं, १२.५० चा टायर ७ च्या रिमवर. दिसायला रुबाबदार. मग ट्रेडवर (टायरचा जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग) आडवी खडूची रेघ मारली आणि गाडी सरळ रेषेत थोडी पुढे नेली. रेघ फक्त मधली पुसली गेली, दोन्ही बाजूंची तशीच राहिली. दोन्ही बीड आत ओढल्या गेल्यामुळे टायरचं पोट गोल झालं होतं आणि जमिनीला मधला पट्टाच लागत होता. ब्रेक लागणार त्या पट्ट्यावर, झिजणार तो पट्टा. दोस्त म्हणाला, हवा कमी करू. केली. रेघ पूर्ण पुसली गेली, पण डांबरी रस्त्यावर वळणात गाडी आधी झोके खाई आणि मग वळे, कारण रिमपेक्षा खूप बाहेर आलेली साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) एकटीच लोळत होती. वर कमी हवेत वेगाने पळवल्यावर टायर हात लावू नये इतका तापे. ते टायर मीच उतरवले. दोस्त महिनाभर बोलला नाही.

इथे तुमचा मित्र म्हणेल, वाळूत हवा सोडून चालवणारे मुद्दाम अरुंद रिम घेतात, कारण तिच्यावरून बीड सहज निसटत नाही. त्यात तथ्य आहे. पण ते शहाणे लोक ८.५ घेतात, तक्त्यातली सगळ्यांत अरुंद. तक्त्याबाहेरची नाही.

आता कायदा. तो देशोदेशी वेगळा आहे, पण साच्यांतला फरक समजला की आपला कुठला ते ओळखता येतं. ऑस्ट्रेलियाची व्हीएसबी-१४ ही संहिता ऑफ-रोड गाड्यांना कंपनीने नेमलेल्या सर्वांत मोठ्या टायरपेक्षा व्यासात ५० मिमीपर्यंत वाढ चालवून घेते. म्हणजे तिथे आकड्याची लक्ष्मणरेषा आहे. जर्मनीत गाडीच्या मंजूर कागदपत्रांत नसलेली चाकं लावली तर ती अधिकृत तज्ज्ञाकडून तपासून घेऊन तशी नोंद करावी लागते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार गाडीत करायचा नाही. तिथे सगळ्यांत सुरक्षित वाट म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलच्या कुठल्याही प्रकाराला दिलेला सर्वांत मोठा टायर. कायद्याचा साचा कुठलाही असो, रिमच्या तक्त्याबाहेरचा टायर तपासणाऱ्यापुढे टिकत नाही. तसा टायर पाहिल्यावर मी पुढचं काही तपासायचोच नाही.

रिम बदलायची तयारी असेल तर बोलणं पुढे जाऊ शकतं. आकडे मांडू. २३५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २३५ मिमी, साइडवॉल तिच्या ७५ टक्के, म्हणजे १७६. ती वर आणि खाली मिळून दोनदा, अधिक १५ इंचांचे ३८१. एकूण व्यास ७३३ मिमीच्या आसपास. ३३ इंची टायर ८३८ चा. फरक १०५ मिमी, म्हणजे १४ टक्के. जमिनीपासूनची उंची मात्र याच्या निम्म्यानेच वाढते, ५२ मिमी. एवढी एकच गोष्ट तुम्हाला मिळते. बाकी सगळं जातं. चाक मोठं झालं की इंजिनाचा जोर जमिनीपर्यंत पोहोचताना तेवढाच घटतो, इथे १२ टक्क्यांहून जास्त. खडकावर पहिल्या गिअरमध्ये हळू चढायची जी मजा, तीच जाते. फायनल ड्राइव्हचे (ॲक्सलमधल्या शेवटच्या गिअरचे) दात बदलले तर परत येते. ब्रेक तेच राहतात, फक्त त्यांना आता लांब हाताच्या भारी चाकाला आवरायचं असतं.

स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ९१ ने धावत असेल. अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, थोडं जास्त दाखवलं तर चालतं. कंपन्या म्हणूनच काटा जरा पुढे ठेवतात. ३-४ टक्के मोठा टायर त्या सवलतीत खपून जातो. १४ टक्के नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मोठा टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर, असं धरून चालू नका. २३५/७५ आर १५ वर १०५ हा भारांक सर्रास दिसतो, म्हणजे एका टायरला ९२५ किलो. ३१ × १०.५० आर १५ वर बहुधा १०९ असतो, १,०३० किलो. ३३ × १२.५० आर १५ वर पुष्कळदा १०८, म्हणजे १,०००. आकार वाढला, भार घटला. आणि ३० × ९.५० आर १५ वर १०४ दिसतो, ९०० किलो, म्हणजे तुमच्या मूळ टायरपेक्षाही कमी. वेगाचं अक्षरही पाहा. जाड नक्षीच्या टायरांवर क्यू म्हणजे ताशी १६० किमी असतं. कंपनीने एस दिलं असेल तर ते १८०. तुम्ही त्या वेगाने जाणार नाही हे मला कळतं, पण तपासणारा तुमचा स्वभाव तपासत नाही, अक्षर तपासतो.

मी काय केलं असतं? ३१ × १०.५० आर १५ आणि ८ इंची रिम. व्यास ७८७, म्हणजे ५४ मिमी मोठा, ७ टक्के. भारांक वाढतो. हा टायर तुमच्या ७ इंची रिमवरही तक्त्यात बसतो, अगदी काठावर, त्यामुळे रिमचा खर्च टाळायचा असला तरी मार्ग आहे. ८ इंची रिमवर टायर ८.५ इंची रिमवर मोजलेल्या रुंदीपेक्षा साधारण ५ मिमी कमी भरेल, ७ वर १५ मिमी. स्पीडोमीटर मात्र जुळवून घ्यावाच लागेल. आणि गंमत पाहा, वरच्या ऑस्ट्रेलियन रेषेला हाही ४ मिमीने ओलांडतो, मूळ टायर हाच सर्वांत मोठा असेल तर. म्हणून आपल्या नोंदणी कार्यालयात आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "चालतंय हो" पुढच्या तपासणीत कोणाला आठवत नाही.

रिम घेताना तो ईटीचा आकडा काढा. ईटी तेवढाच ठेवून रिम इंचभर रुंद केली तर ती आत १३ आणि बाहेर १३ मिमी सरकते. आत सस्पेन्शनच्या दांड्याला घासत असेल म्हणून ईटी कमी केला, तर प्रत्येक चाक तेवढं बाहेर येतं आणि बेअरिंगवर ताण वाढतो. स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती) घालून तोच उद्योग करू नका. बसवल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण मारा, एक चाक दगडावर चढवून सस्पेन्शन दाबलेलं असतानाही मारा. सपाट जमिनीवर न घासणारा टायर तिथे ब्रेकच्या होजला चाटतो. आणि स्टेपनीही त्याच मापाची घ्या. फोर-बाय-फोर लावलेली असताना एक चाक लहान असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) त्याची किंमत वसूल करते.

प्रश्न : जुन्या ट्रकच्या १६.५ इंची रिम भंगारात चांगल्या मिळाल्यात. १६ चे टायर त्यांवर चढतात असं एकाने सांगितलं. अर्ध्या इंचाने काय होतंय?

उत्तर : जीव जातो. १६.५ च्या रिमची बीड टेकायची जागा १५ अंशांनी उतरती असते, १६ च्या टायरची बीड ५ अंशांच्या जागेसाठी बनवलेली असते. टायर चढल्यासारखा दिसतो, पण बीड कडेपर्यंत पोहोचत नाही. मग माणूस म्हणतो, अजून थोडी हवा. बीडमधली तार तुटते आणि टायर तुमच्या तोंडासमोर फुटतो. अशी माणसं गेलेली आहेत. बीड बसवताना हवा ४० पीएसआयच्या वर कधीही न्यायची नाही, मग रिम-टायर अगदी योग्य मापाचे का असेनात. तेवढ्यात टक् आवाज आला नाही तर हवा सोडायची, उतरवायचं, कारण शोधायचं. स्प्रे मारून काडी लावून बीड बसवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असणारच, तेही करू नका.

त्या रिम परत भंगारात द्या. देण्याआधी गॅस कटरने कडा कापून टाका, म्हणजे पुढच्या कोणाला तो अर्धा इंच मोहात पाडणार नाही.