पातळी, पायरी आणि सोबतचढ

तुमचा प्रश्न असा आहे: रोल-प्लेइंग गेमबद्दल, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या व्हिडिओ गेमबद्दल, मराठीत लिहिताना ‘लेव्हल स्केलिंग’ला, म्हणजे खेळाडूची लेव्हल (बळाचा आकडा) वाढली की शत्रूंचंही बळ वाढवण्याच्या पद्धतीला, काय म्हणावं? तुम्हाला एका ठिकाणी ‘स्तर प्रमाणीकरण’ असा शब्द दिसला, तो चालेल का? आणि ‘कॅरॅक्टर प्रोग्रेशन’ला, म्हणजे खेळता खेळता आपलं पात्र वाढत जाण्याला, ‘पात्र प्रगती’ म्हटलं तर बरोबर होईल का?

‘स्तर प्रमाणीकरण’ चालणार नाही. भाषेचं प्रमाणीकरण किंवा वजनमापांचं प्रमाणीकरण म्हणजे निरनिराळ्या गोष्टी एका ठरलेल्या मापात आणणं. इथे घडतं ते नेमकं उलटं. माप ठरलेलं नसतंच, ते खेळणाऱ्याबरोबर सरकत जातं. शब्द ऐकून वाचकाच्या डोळ्यापुढे चुकीचं चित्र उभं राहत असेल, तर तो कितीही भारदस्त वाटला तरी सोडून द्यावा.

आधी प्रकार काय आहे ते पाहू. 2006 साली आलेला ‘द एल्डर स्क्रोल्स 4: ऑब्लिव्हियन’ हा गेम याचा सगळ्यात गाजलेला नमुना. त्यात तुम्ही सात मुख्य कौशल्यं निवडता. ती वापरत गेलात की वाढतात, सगळी मिळून दहा वेळा वाढली आणि तुम्ही बिछान्यावर झोपलात की तुमची लेव्हल एकाने वर जाते. पण तुम्ही उठता तेव्हा आजूबाजूचं जगही तुमच्यासोबत उठलेलं असतं. सुरुवातीला रस्त्यावरचे दरोडेखोर मळक्या कातड्याच्या चिलखतात भेटतात. तुम्ही विसाव्या लेव्हलच्या आसपास पोचलात की तेच लोक काचेची, डेड्रिक अशी दुर्मीळ आणि महागडी चिलखतं घालून उभे. मला एका वाटमाऱ्याने असंच अडवलं होतं. अंगावर हजारोंचा ऐवज, आणि मागणी काय, तर शंभर मोहरा. त्या क्षणी खेळावरचा माझा विश्वास उडाला. त्या माणसाने अंगावरचा एक हातमोजा विकला असता, तरी त्याला वाटमारी करायची गरज उरली नसती.

याहून मोठा घोळ दुसराच. तुम्ही औषधं कुटणं, घासाघीस, गोड बोलणं अशी कौशल्यं मुख्य म्हणून घेतलीत, तर ती वाढूनही लेव्हल चढते. शत्रूला मात्र फक्त तुमच्या लेव्हलचा आकडा दिसतो. तुम्ही मुळ्या कुटून दहा लेव्हल चढलात, तो तलवारीच्या दहा लेव्हल चढला. मग मैदानात तुमची धडगत नसते. म्हणूनच पुष्कळ खेळाडूंनी मुद्दाम लेव्हल वाढवायचीच नाही असं ठरवून, पहिल्या-दुसऱ्या लेव्हललाच मुख्य कथा संपवली.

यावरून मला सुंदरकांडातली सुरसा आठवते. हनुमान लंकेकडे उडताना ती आ वासून वाट अडवते. हनुमान मोठा होतो, तशी ती तोंड आणखी मोठं करते. तो वाढतो, तीही वाढते. असं शंभर योजनांपर्यंत जातं. शेवटी हनुमान अंगठ्याएवढा होतो, तिच्या तोंडात शिरून बाहेर येतो आणि पुढच्या वाटेला लागतो. पहिल्या लेव्हलला खेळ संपवणाऱ्यांनी दुसरं काय केलं? समोरच्याचं अर्धं बळ खेचून घेणारा वालीही याच जातीतला. तिथे तर गुणोत्तरसुद्धा सांगून ठेवलं आहे. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही, फक्त तिला नाव दिलेलं नाही.

आता शब्दांकडे वळतो. ‘लेव्हल’ मराठीत दोन वाटांनी आला आहे. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींवर खुणा करतो आणि ‘लेव्हल आली’ म्हणतो. तिथे लेव्हल म्हणजे सपाटपणा, जुन्या शब्दात पाणसळ. पोरं ‘माझी लेव्हल चाळीस झाली’ म्हणतात, तिथे लेव्हल म्हणजे उंची. इंग्रजी शब्दाचं मूळ गवंड्याच्याच बाजूचं: लॅटिनमध्ये ‘लिब्रा’ म्हणजे तराजू, आणि त्याचं छोटं रूप ‘लिबेल्ला’ म्हणजे पाणसळ. ‘स्केलिंग’मधला ‘स्केल’ मात्र लॅटिन ‘स्काला’वरून, म्हणजे शिडीवरून. सह्याद्रीत काही अवघड वाटांना निसणीची वाट म्हणतात. ही निसण म्हणजे संस्कृत ‘निःश्रेणी’, शिडीच.

इंग्रजीत पाणसळ आणि शिडी हे दोन्ही अर्थ झिजून गेले आहेत. आपल्याकडे पातळी आणि पायरी हे दोन शब्द अजून ताजे आहेत, आणि त्यांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो. धरणातली पातळी वाढते तेव्हा त्यावरची प्रत्येक होडी आपोआप वर येते. पायरी मात्र ज्याची त्यानेच चढायची असते. म्हणून माझा आग्रह असा: खेळाडूच्या लेव्हलला ‘पायरी’ म्हणा. ‘मी बाराव्या पायरीवर आहे’ हे वाक्य कुठेही अडखळत नाही. जिथे अख्खं जगच एकदम वर येतं, तिथे ‘पातळी’ वापरा.

आणि स्केलिंग? माझा पहिला सल्ला, नाम शोधूच नका. ‘या गेममध्ये शत्रू आपल्याबरोबर चढतात’ असं सरळ क्रियापदाने लिहा. मराठीला क्रियापद मानवतं. इंग्रजी नामाच्या जागी मराठी नाम बसवण्याच्या हट्टातूनच ‘प्रमाणीकरण’ येतं. तरीही लेखाच्या मथळ्यात किंवा मेनूत नाम लागतंच, तिथे मी ‘सोबतचढ’ सुचवतो. ‘वरचढ’ हा शब्द आपल्या तोंडात आहेच. खेळाडूला वरचढ व्हायचं असतं आणि सोबतचढ त्याला ते होऊ देत नाही, हे भांडण शब्दातच उमटतं. ‘तुल्यबळ’ आणि ‘तोडीस तोड’ हेही छान शब्द, पण ते बरोबरीची स्थिती सांगतात, ती बरोबरी कशी राखली जाते ते सांगत नाहीत.

या शब्दाला पोटभेदही सहज पेलतात. 2011 च्या ‘स्कायरिम’मध्ये ठिकाणाठिकाणाला किमान आणि कमाल पायरी बांधून दिलेली आहे, शत्रू त्या दोहोंच्या मधेच हलतात. ही ‘बांधलेली सोबतचढ’. 1999 च्या ‘फायनल फँटसी 8’मध्ये शत्रू तुमच्या चमूच्या सरासरी पायरीकडे बघून वाढतात. ‘द विचर 3’मध्ये मागे पडलेल्या शत्रूंना तुमच्या पायरीवर आणण्याची सोय मेनूतून चालू-बंद करता येते. तिथे ‘शत्रूंची सोबतचढ: चालू’ एवढं पुरे. 2001 च्या ‘गॉथिक’सारख्या खेळांत ती नसते. तिथल्या शत्रूंना ‘ठरीव बळाचे’ म्हणावं. सुरुवातीला रानातलं साधं जनावर तुम्हाला पळता भुई थोडी करतं, आणि पंधरा-वीस तासांनी त्याच रानात तुम्ही निवांत हिंडता. मला स्वतःला हीच पद्धत भावते. आपण वाढलो हे कळायला न वाढलेलं काहीतरी समोर असावं लागतं, जसं उंची मोजायला दाराच्या चौकटीवरची जुनी रेघ.

‘पात्र प्रगती’बद्दल थोडक्यात. प्रगती म्हटलं की प्रगतिपुस्तक आठवतं, म्हणजे फक्त गुण. या खेळांत आकडे वाढतात तसे निर्णयही होतात: तलवार धरायची की मंत्र शिकायचे, चोरवाटांनी जायचं की दारातून. त्याला ‘घडण’ म्हणा. ‘पात्राची घडण’ यात आकडे आणि निवड दोन्ही येतात. नुसत्या आकड्यांबद्दल बोलायचं असेल तर ‘वाढ’ आहेच.

तुम्ही विचारलं नव्हतं, पण ‘ग्राइंडिंग’लाही आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे. पायऱ्या चढण्यासाठी त्याच त्या शत्रूंना पुनःपुन्हा मारत बसणं म्हणजे ‘दळण’. ‘तेच ते दळण दळू नकोस’ असं आपण रोज म्हणतो, आणि मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थही दळणंच. दोन तास दळण दळलं तेव्हा कुठे एक पायरी चढलो, असं लिहून पाहा.