डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटते कसे, ऑइल थंड कसे राहते आणि गळका ऑइल कूलर बायपास करावा का?

आपला ट्रक निपाणी भागातून कारखान्याला ऊस वाहतो, ऑइल कूलर गळू लागला आहे आणि ऐन हंगामात गाडी उभी राहू नये म्हणून मिस्त्री तो बायपास करू, म्हणजे ऑइल कूलरमधून न नेता थेट इंजिनात सोडू म्हणतो, असे आपण लिहिले आहे. मी बेळगावच्या उद्यमबागेत इंजिन बांधणीच्या कामात आहे आणि माझे उत्तर स्पष्ट आहे: बायपास करू नये. का, ते समजण्यासाठी आपल्या पहिल्या दोन प्रश्नांकडे यावे लागेल.

डिझेल इंजिनाचा पिस्टन खाली येताना फक्त हवा आत घेतो. त्या हवेत इंधन नसते. पिस्टन वर जाऊ लागला की ही हवा साधारण 15 ते 20 पट दाबली जाते. पेट्रोल इंजिनात हेच प्रमाण 8 ते 12 पट असते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक जसे हाताला गरम लागते, तशीच ही हवाही दाबामुळे तापते, आणि इथे तिचे तापमान 500 ते 700 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या किंचित आधी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा या हवेत सोडला जातो आणि तो आपोआप पेट घेतो, म्हणून ठिणगीची गरजच उरत नाही. जुन्या पद्धतीच्या पंपावर चालणाऱ्या इंजिनात नोझल 200 बारच्या आसपास उघडते, तर कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या पद्धतीत, हा दाब 1600 बारच्याही पुढे जातो. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे याच तत्त्वावरचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले.

इंधनातील सगळी ऊर्जा मात्र चाकापर्यंत पोचत नाही. चांगल्या इंजिनातही पस्तीस ते चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जाच उपयोगी पडते. उरलेली सायलेन्सरवाटे, रेडिएटरवाटे आणि ऑइलवाटे उष्णता होऊन बाहेर पडते. यातील ऑइलच्या वाट्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण ऑइल म्हणजे वंगण एवढेच आपण धरून चालतो. वास्तविक ज्या ठिकाणी पाणी पोचू शकत नाही, तिथली उष्णता काढून आणण्याचे काम ऑइलच करते. जळणाऱ्या वायूचे तापमान काही क्षण 2000 अंशांच्या घरात जाते, पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते. तरीही पिस्टन टिकतो, याचे एक मोठे कारण म्हणजे अनेक इंजिनांत प्रत्येक लाइनरखाली (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्याखाली) बसवलेला लहानसा जेट, जो पिस्टनच्या पोटावर खालून सतत ऑइलची धार मारतो. इंजिन बांधताना पिस्टनला जोडलेल्या रॉडचा धक्का लागून हा जेट थोडा जरी वाकला, तरी धार भलतीकडे जाते आणि बाकी सगळे नवे सामान घातलेले असूनही नेमका तोच पिस्टन जॅम होतो. म्हणून पिस्टन चढवल्यावर प्रत्येक जेटची दिशा पाहिल्याशिवाय चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) बंद करू नये, असा माझा आग्रह असतो. टर्बोच्या बेअरिंगलाही हेच ऑइल थंड ठेवते. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे संथ चालू ठेवावे, हे सांगण्यामागचे कारण तेच.

ही सगळी उष्णता घेऊन ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते. पंप तिथून ते उचलतो आणि कूलरमधून नेतो. आपल्यासारख्या ट्रकमध्ये कूलर बहुधा ब्लॉकलाच लागून असतो. पातळ पत्र्यांच्या एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने रेडिएटरचे पाणी वाहते, आणि ऑइलची उष्णता पाण्यात जाते. सकाळी इंजिन गार असताना पाणी आधी तापते आणि उलट ऑइललाच ऊब देते. हेही आवश्यक आहे, कारण फार थंड इंजिन झिजते. घटप्रभेच्या काठी किंवा विहिरीवर पाण्याचे इंजिन चालवणारे काही शेतकरी उपशाचे गार पाणीच भरपूर प्रमाणात जॅकेटमधून (लाइनरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून) सोडतात. त्या इंजिनांचे लाइनर लवकर झिजतात, याचे कारण गार भिंतीवर ज्वलनातील वाफ आणि आम्ल साचते.

ऑइलचे तापमान 90 ते 110 अंशांत राहिले तर ते योग्य समजावे. 15डब्ल्यू-40 ऑइलची घनता नव्हे तर दाटपणा येथे महत्त्वाचा असतो: 100 अंशांवर तो 12.5 ते 16.3 सेंटीस्टोक्स (दाटपणा मोजण्याचे एकक) असतो आणि 130 अंशांवर जवळपास निम्म्यावर येतो. मग क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा थर इतका पातळ होतो की धातूला धातू लागतो. अशी बेअरिंग उघडली की वरचा करडा थर पुसला जाऊन आतला तांबूस रंग दिसतो. शिवाय उष्णतेने ऑइल लवकर खराब होते. ढोबळमानाने दर 10 अंशांच्या वाढीला त्याच्या ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट होतो.

कूलर बायपास केल्यावर रिकाम्या गाडीला काहीच जाणवणार नाही, आणि फसगत होते ती इथेच. भरलेली गाडी तवंदी घाटात खालच्या गिअरमध्ये चढू लागली की इंजिनावर भार पूर्ण, समोरून येणारी हवा कमी, अशा वेळी ऑइल तापत जाईल. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो, ऑइलचे नव्हे, त्यामुळे काटा जागेवर असतानाही बेअरिंग जळू शकते. फार तर घाटमाथ्यावर संथ चालताना ऑइल प्रेशर उतरलेले दिसेल, पण तोवर नुकसान झालेले असते.

आता गळतीविषयी. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याहून अधिक असतो, म्हणून कूलर आतून फुटला की आधी ऑइल पाण्यात जाते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचे झाकण उघडले तर त्याला चहाच्या रंगाचा चिकट लगदा लागलेला आढळतो. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्यावर येतो, पाण्याचा मात्र काही काळ टिकतो, आणि तेव्हा पाणी ऑइलमध्ये शिरू शकते. डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा त्याची पातळी वाढली असेल, तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

हीच लक्षणे हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेल्यावरही दिसतात, म्हणून कूलर काढून त्याची तोंडे बंद करावीत, त्यात हवेचा दाब देऊन तो कोमट पाण्यात बुडवावा आणि बुडबुडे येतात का ते पाहावे. फक्त बाहेरचे गॅस्केट किंवा ओ-रिंग गेली असेल तर तेवढेच बदलून काम भागते. पत्राच फुटला असेल तर मात्र डाग देण्याच्या फंदात न पडता नवा कोअर (कूलरच्या आतला पत्र्यांचा संच) घालावा. पाण्यात ऑइल गेले असल्यास संपूर्ण कूलिंग सिस्टीम धुऊन काढावी आणि ऑइलने फुगलेले रबरी पाइप बदलावेत. ऑइल आणि फिल्टर तर नवे हवेतच. त्याच वेळी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला उसाचा पाला आणि धूळ पंख्याच्या बाजूने हवा मारून पुढच्या दिशेने काढून घ्यावी. पहिली भरलेली खेप टाकून आल्यावर, इंजिन गार झाले की, रेडिएटरचे झाकण आणि डिपस्टिक पुन्हा एकदा तपासावी.