एमआरआयमधले पांढरे डाग आणि विस्मरणाची धास्ती

या महिन्यात निम्म्याहून अधिक पत्रं मेंदूच्या एमआरआयबद्दलच आली, म्हणून बाकीचे विषय पुढच्या वेळी.

प्रश्न : चक्कर येते म्हणून आईचा (वय ७१) एमआरआय काढला. रिपोर्टात 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकस ग्रेड १' असं आहे. गूगलवर वाचल्यापासून घरात कुणाला झोप नाही. आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होणार का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : एवढ्या एका ओळीवरून तसं मुळीच म्हणता येत नाही. तिचा अर्थ एवढाच, की बारीक धमन्यांतून रक्त कमी पडल्यामुळे मेंदूत पांढरे डाग दिसतात. रॉटरडॅममध्ये ६० ते ९० वयाच्या हजारावर लोकांचे मेंदू तपासले, तेव्हा एकही डाग नसलेले निघाले जेमतेम ५ टक्के. न्यूरॉलॉजिस्ट फझेकस यांनी १९८७ मध्ये मांडलेली डागांची ही श्रेणी ० ते ३ अशी आहे. १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळू लागलेले, ३ म्हणजे सलग मोठे पट्टे. आई पहिल्या पायरीवर आहेत आणि या वयात ते नेहमी दिसतं. चक्कर येण्याचं कारण बहुधा वेगळंच असेल, तेही शोधून घ्या.

मात्र रिपोर्ट कपाटात टाकून विसरूही नका. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये केलेल्या पाहणीत असे डाग असणाऱ्यांना डिमेन्शियाचा धोका सुमारे दुप्पट आणि पक्षाघाताचा तिपटीहून अधिक आढळला. मला तरी आधी पक्षाघाताची काळजी वाटते. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासा. डाग मोजायला दरवर्षी एमआरआय काढण्याची मात्र गरज नाही.

प्रश्न : बाबा (७४) बँकेतून निवृत्त. नातवंडांचे वाढदिवससुद्धा पाठ आहेत, पण विजेचं बिल भरायला तास लावतात. पाय घासत चालतात, लघवीला धावपळ होते, कशात मन नाही. दादा म्हणतो, आळशी झालेत. (रामबाग, इंदूर)

उत्तर : दादांना सांगा, आळस म्हणू नका. मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचा समूह म्हणजे व्हाइट मॅटर. मायलिनचं वेष्टण असलेल्या या तारांमधून संदेश झपाट्याने जातात. त्यांना रक्त पोचवणाऱ्या खोलवरच्या बारीक धमन्यांच्या भिंती वर्षानुवर्षांच्या बीपीने जाड होतात, रक्त कमी पडतं, वेष्टण झिजतं आणि एमआरआयमध्ये तिथे पांढरे डाग दिसतात. आठवणी शाबूत असतात, पण कपाळामागच्या भागाशी संपर्क मंदावतो. मग नियोजन, हिशेब, चाल, लघवीवरचा ताबा आणि उत्साह यांवर परिणाम होतो. अल्झायमरमध्ये बहुतेकदा नुकतंच घडलेलं आधी विसरतं. बारीक धमन्यांच्या या आजारात आधी वेग जातो. म्हातारपणी दोन्ही आजार एकत्र असणंही नेहमीचंच.

तुमच्या पत्रातली तीन लक्षणं, म्हणजे चाल, लघवी आणि मंदपणा, मेंदूत पाणी साठण्याच्या एका आजारातही दिसतात आणि तो शस्त्रक्रियेने सुधारू शकतो. त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टना दाखवायला उशीर नको. थायरॉइड, बी-१२ आणि नैराश्य हेही तपासायला सांगा. स्मरणाची चाचणी करताना मोका चाचणीचा (हिच्यात नियोजन आणि लक्षही तपासतात) आग्रह धरा, कारण नुसत्या स्मरणाच्या प्रश्नांत बाबा पैकीच्या पैकी मिळवतील.

प्रश्न : माझा वरचा बीपी १४८ असतो. त्रास काहीच नाही. सासूबाई म्हणतात, साठीनंतर एवढा चालतो. (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : चालत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंट-माइंड अभ्यासाचे निकाल आले. त्यात एका गटाचा वरचा बीपी १२० च्या खाली, दुसऱ्याचा १४० च्या खाली ठेवायचं उद्दिष्ट होतं. सुमारे चार वर्षांत पहिल्या गटात पांढरे डाग सरासरी ०.९२ घनसेंटिमीटरने वाढले, दुसऱ्यात १.४५ ने. विस्मरणाची सौम्य पायरी गाठण्याचं प्रमाणही पहिल्या गटात १९ टक्क्यांनी कमी होतं. पूर्ण डिमेन्शियातला फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. शिवाय मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेले लोक त्यात नव्हते. म्हणून १२० हा आकडा सगळ्यांना लागू करू नका. उभं राहिल्यावर बीपी एकदम घसरत असेल तर पडून हाड मोडेल. तुमचं उद्दिष्ट डॉक्टरांना ठरवू द्या. १४८ वर थांबायचं नाही एवढं नक्की.

आणि पोह्यांवर सेव, उसळीवर सेव, वरण-भातावरही सेव, ही आपली इंदुरी सवय जरा आवरा. मीठ तिथूनच येतं.

प्रश्न : गिंकोच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्या घ्याव्यात का? शिवाय या डागांवर नवीन औषध आलंय म्हणतात, ते कोणतं? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : गिंको नको. तीन हजारांवर वृद्धांवरच्या मोठ्या चाचणीत डिमेन्शिया टळला नाही, हे २००८ मध्येच स्पष्ट झालं.

तुम्ही ऐकलेलं 'नवीन' औषध बहुधा सिलोस्टाझॉल किंवा आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट असावं. रक्तवाहिन्यांवरची ही दोन्ही औषधं जुनीच. ब्रिटनमधल्या लासी-२ चाचणीत बारीक धमन्यांचा पक्षाघात झालेल्या ३६३ रुग्णांना ती देऊन पाहिली. २०२३ च्या निकालात ती सुरक्षित वाटली, थोडा उपयोगही सूचित झाला. खात्रीसाठी मोठी चाचणी लागेल. तोवर मेडिकलवाल्याला विचारून सुरू करू नका. हार्ट फेल्युअर असलेल्यांना सिलोस्टाझॉल वर्ज्य आहे.