ड्रिफ्टिंगसाठी गाडीची जुळवणी

प्रश्न : मागील चाकांवर चालणारी माझी जुनी गाडी ड्रिफ्टिंगसाठी (मागील चाके मुद्दाम घसरवत वळण घेण्यासाठी) तयार करताना सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : डिफरन्शियलपासून, म्हणजे इंजिनाची शक्ती दोन्ही मागील चाकांत वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचापासून करावी. साध्या डिफरन्शियलमध्ये वळणावर भार हलका झालेले आतील चाकच नुसते फिरत राहते आणि मागील बाजू सलग घसरत नाही. म्हणून एकच चाक नुसते फिरू न देता दोन्ही चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलवरील खर्च मला सर्वांत आवश्यक वाटतो. त्यानंतर पुढील चाकांचा कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्याचा बाजूने पाहता मागे झुकलेला कोन) वाढवावा, म्हणजे गाडी घसरताच स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने स्वतःहून वळू लागते. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) पुढे ऋण, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, आणि मागे शून्याजवळ असावा. सराव मात्र बंदिस्त ट्रॅकवरच करावा. पहाटेचा गंगापूर रोड कितीही मोकळा दिसला, तरी तेथे मुळीच नाही. टायर तापल्यावर हवेचा दाब वाढतो, त्यामुळे तो प्रत्येक फेरीनंतर तपासावा.