मे महिन्यात जळगावात हेलिकॉप्टर उडवणार असाल तर

दुपारच्या उड्डाणाआधी डेन्सिटी अल्टिट्यूड काढाच, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार हेलिकॉप्टरला 'जाणवणारी' उंची. जळगावची धावपट्टी साधारण 840 फुटांवर. त्या उंचीचं प्रमाण तापमान, म्हणजे प्रमाण वातावरणात धरलेलं, 13 अंश. पारा 44 वर गेला की फरक 31. अंशाला 120 फूट धरा, त्यात धावपट्टीचे 840 मिळवा, म्हणजे रोटरला साडेचार हजार फुटांवरची विरळ हवा मिळते. तेवढ्याच लिफ्टसाठी (उचल) पात्यांचा कोन वाढवावा लागतो, ड्रॅग (हवेचा अवरोध) वाढतो, आणि नेमकी तेव्हाच इंजिनाची ताकद घटलेली असते. कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवणारा दांडा) ओढत राहिलात तर रोटरचा आरपीएम, म्हणजे फिरण्याचा वेग, पडतो. हे सगळ्यात घातक.

जमिनीलगत हॉवर (हवेत एका जागी थांबणं) जमला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो ग्राउंड इफेक्टचा, म्हणजे जमीन जवळ असल्यानं मिळणारा आधार, साधारण रोटरच्या व्यासाइतकं वर गेल्यावर संपतो. तोरणमाळला कड्याजवळ उतरायचंय? ग्राउंड इफेक्टबाहेरच्या हॉवरचाच तक्ता बघा. वजन बसत नसेल तर एक प्रवासी कमी करा किंवा पहाटे निघा. राखीव इंधनाला हात लावू नका.